अडीच हातांचा गजरा

उमेळे, १२ मार्च २०२५

उन्नती,

फाडू नकोस. आधी वाच, मग फाड. पाकिटावर क्रिस्टीनाचं अक्षर बघून तू उघडलंस, माहीत आहे मला. पत्ता तिच्याकडून घेतला आणि पाकीटही तिच्याकडूनच लिहून घेतलं. तिने दम दिलाय, "रडगाणं लिहायचं नाही, शिव्या लिहायच्या नाहीत." दोन्ही नाहीत. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, ठीक आहे. कोलकात्याच्या हॉस्टेलचा पोस्टमन काही ब्लॉक होत नाही.

पण ऐक, इथे काय झालंय ते! मला तीन दिवस झोप नाही, आणि सांगायला इथे कोणी नाही. म्हणजे माणसं आहेत खंडीभर, पण हे कळणारं माणूस तूच.

आमच्या वाडीतली मोगऱ्याची शेड आठवते ना? दुपारी दोन ते चार तिथे अकरा बायका कळ्या ओवायला बसतात. कॉलेज सोडल्यापासून बाबांनी मला तिथेच जुंपलंय. कळ्या आणून ओतायच्या, गजऱ्यांवर पाणी शिंपडायचं, टोपल्या टेम्पोत चढवायच्या. "सिनेमा करनार होता ना, आता मोगरा कर," असं बाबा दिवसातून एकदा तरी म्हणतात. गेल्या आठवड्यात क्रिस्टीनाचा भाऊ स्टीवन आला. ईस्टरपर्यंत त्यांच्या चर्चमध्ये लग्नं नसतात, म्हणून लग्नांना भाड्याने द्यायचा त्याचा प्रोजेक्टर आणि स्पीकर नुसते पडून. म्हणाला, "घरी ठेवला तर पप्पा त्यावर क्रिकेट लावतात, तुझ्याकडे ठेव." मी काय सोडतो होय! शेडला चारी बाजूंनी ताडपत्री मारली, आईची पांढरी चादर ताणून बांधली, आणि दुपारी दोन वाजता काळोख केला.

बायकांनी बोंब मारली. "अरे आम्ही ओवायचं कसं?" मी म्हटलं, हात काय डोळ्यांनी चालतात तुमचे? आणि खरंच, चालत नाहीत! काळोखात सुई सरळ कळीच्या देठात जाते. मी बघत बसलो, म्हणजे ऐकत बसलो.

सिनेमा लावला तो बर्फातल्या कुठल्याशा देशातला. दोन जावा एका शिलाई मशीनवरून बारा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, एवढीच गोष्ट. खाली इंग्रजी अक्षरं पळतायत. पाच मिनिटांत शकूकाकी ओरडली, "काय बोलतात ते सांग तरी मेल्या, की आम्ही नुसती तोंडं बघायची?"

मग मी चादरीच्या बाजूला उभा राहिलो आणि बोलायला लागलो. अक्षरं वाचायची आणि लगेच आपल्या घरच्या बोलीत बोलायचं. मोठ्या जावेचा आवाज जाड, धाकटीचा चिरका. बर्फातली बाई म्हणते, "मशीन माझ्या बापानं दिलीय, तुज्या नवऱ्यानं नाय!" आणि अकरा जणी एकदम "बराब्बर!" उन्नती, काटा आला गं अंगावर. शेवटी धाकटी जाऊ रात्रीची चोरून मोठीचा फाटलेला कोट शिवून ठेवते. शेडमध्ये कोणी नाक ओढलं ते कळलं नाही, पण एकीने ओढलं नाही, सगळ्यांनी ओढलं.

दिवे लावले तर काय! गजरा असतो एक हात, कोपरापासून बोटापर्यंत. त्या दिवशी एकही गजरा हातभर नव्हता. शेवटच्या वीस मिनिटांत कोणी दोरा तोडलाच नव्हता, नुसत्या ओवत गेल्या. कोणाचा दीड हात, कोणाचा दोन. यमुनाआत्याचा अडीच! (यमुनाआत्या म्हणजे बाबांची चुलत बहीण, तुला एकदा कैरीचं पन्हं दिलं होतं ती. तरुणपणी सासर सोडून आली ती माहेरीच राहिली.) आता मी सिनेमा हातावर मोजतो. काल लावलेला मारामारीचा होता, बरोब्बर एक हात. पडला.

आपली फिल्म स्पर्धेत दाखवली त्या दिवशी हॉलमध्ये जे झालं त्याबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो की माईक आपटला तो तुझ्यासाठी आपटला. परीक्षक तुला वाट्टेल ते बोलेल आणि मी काय टाळ्या वाजवू? आणि तू उलट माझ्याशीच बोलणं टाकलंस. एका वाक्यासाठी!

जाऊ दे. लिहिणार नव्हतो.

दीपेश


उमेळे, २४ मार्च

उन्नती,

उत्तर नाही. चालेल. मी लिहिणार.

तू म्हणायचीस ना की चांगली गोष्ट कुठल्याही गावात नेली तरी तिथली होते, आणि मी म्हणायचो पुस्तकी बोलू नकोस. घे, शब्द मागे घेतो. या बायका कधीच विचारत नाहीत की हा देश कुठला. त्या विचारतात, नवरा करतो काय? सासू जिवंत आहे का? हिला माहेर आहे की नाही? एवढं कळलं की झालं, मग तो माणूस उंटावर बसलेला असो की बोटीवर.

परवाचा सिनेमा वाळवंटातला होता. एका म्हाताऱ्याची बायको वारलीय आणि तो रोज सकाळी दोघांचा चहा करतो. एक कप पितो, दुसरा गार होईपर्यंत त्याच्याकडे बघतो, मग झाडाला घालतो. यात मी काय बोलणार? तो काही बोलतच नाही. मी गप्प उभा. आणि काळोखातून क्लेमेंटीनमावशीचा आवाज आला. ती माणिकपूरच्या बाजूने येते, नवरा जाऊन चार वर्षं झाली, शेडमध्ये "पाणी दे" याच्यापुढे तिचा शब्द मी ऐकलेला नाही. ती म्हणाली, "मी पण अजून दोन कप टाकते."

सुया थांबल्या. मग शकूकाकी म्हणाली, "आणि दुसरा ओतून देतेस? माझ्याकडं पाठव की, मी काय झाडापरीस वाईट हाय?" अशा हसल्या, अशा हसल्या, क्लेमेंटीनमावशी तर डोळे पुसत हसली. दुसऱ्या दिवसापासून ती घरून थर्मास आणते आणि शकूकाकी कप धुऊन ठेवते. गंमत नाही, रोज! हे आपल्या कॉलेजच्या फिल्म क्लबात कधी झालं होतं? तिथे सिनेमा संपला की आपण कॅमेरा कुठे ठेवला होता यावर भांडायचो.

इकडे बाबांचं डोकं फिरलंय. फुलबाजारातला व्यापारी त्यांना म्हणाला, "चंद्रहासशेठ, हे गजरे की दोरखंड?" घरी आले ते चादरीकडेच गेले. "आज फाडतोच!" मीही तापलो, "फाडा, दुसरी आणीन!" आई मधे. तेवढ्यात यमुनाआत्या शांतपणे म्हणाली, "चंद्रहास, आगाशीला तंबूतला सिनेमा आला तवा बैलांना पानी न दाखवता पळाला होतास, ते पोराला सांगू?"

बाबांनी चादर सोडली. मग म्हणाले, "गजरा हातभरच पायजे," आणि गेले. दुसऱ्या दिवशी पावणेदोनला शेडमध्ये सगळ्यात मागे एक खुर्ची आलेली. म्हणे पंखा दुरुस्त करायचाय.

मी युक्ती काढली. आता प्रत्येकीच्या दोऱ्याला आधीच हातभर अंतरावर गाठ मारून देतो. बोटाला गाठ लागली की थांबायचं. सगळ्या थांबतात. यमुनाआत्याची बोटं मात्र गाठीवरूनही पुढे जातात.

मी एवढा तयार झालोय ना बोलण्यात! आता अक्षरं पूर्ण वाचतही नाही. अर्धं वाचतो, अर्धं माणसाच्या चेहऱ्यावरून कळतं. कधी कधी सिनेमात लिहिलंय त्यापेक्षा माझंच बरं होतं. जरा मीठ-मसाला लागतोच की.

क्रिस्टीना अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तिने तुला सांगितलं असेल की मी तिला फसवलं. फसवलं वगैरे काही नाही. आपल्या फिल्मच्या डबिंगच्या वेळी मी तिला एवढंच म्हणालो होतो की हे वाक्य उन्नतीनेच बदललंय. तू तेव्हा परीक्षेला गेली होतीस, विचारणार कुणाला? वेळ कुठे होता?

बरं, ते सोड. पुढचा सिनेमा बोटीवरचा आहे. मस्त आहे.

दीपेश


उमेळे, ५ एप्रिल

उन्नती,

संपलं सगळं. बायका डोक्यावर बसल्यात आणि मी यापुढे कोणासाठी काही करणार नाही.

बोटीच्या सिनेमात शेवटी मुलगी धक्क्यावर उभी असते, मुलगा तिच्या हाताला धरून. खाली अक्षरं आली, "तू वाईट नाहीस. पण मी इथे राहिले तर मरेन. मला विसरून जा." मी बोललो, "थोडं दिस थांब, मी परत येते." एवढंच. कुणाचं काय बिघडलं? दुपारी साडेतीन वाजता अकरा बायकांना रडवून घरी पाठवायचं का?

आणि यमुनाआत्या म्हणाली, "नाय."

"काय नाय?"

"ती असं नाय बोलली."

"आत्या, तुला त्यांची भाषा येते?"

"भाषा कशाला पायजे? परत येनारी बाई निघताना मागं वळून सामान बघत नाय. हिनं बघितलं. सगळं घेतलं का, काय राहिलं तर नाय ना, ते बघितलं." आणि उठून चादरीजवळ गेली, आणि त्या मुलीच्या हनुवटीला बोट लावलं. "ही हनुवटी 'येते' बोलायची नाय, दीपेश."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. क्लेमेंटीनमावशी एवढ्या मायेने म्हणाली की मला जास्तच राग आला, "खोटं सांगितलंस का, बाळा?" आणि मागून, खुर्चीतून, बाबा! "आधीचे पन सगळे असेच सांगितलेस का रे?"

मी प्रोजेक्टर बंद केला. कळ्यांच्या टोपलीला लाथ मारली. सगळ्या शेडभर मोगरा. निघून आलो.

तू इथे असतीस तर त्यांच्याच बाजूने बोलली असतीस, माहीत आहे मला.


उमेळे, ७ एप्रिल

उन्नती,

परवाचं पत्र टाकायला नको होतं, पण पेटीत पडलं ते पडलं.

काल शेडमध्ये गेलो. ताडपत्री काढलेली, लख्ख उजेड, बायका खाली बघून ओवतायत. कोणी माझ्याशी भांडलंही नाही. भांडल्या असत्या तर बरं. टोपलीतले गजरे बघितले, एकूण एक हातभर. यमुनाआत्याचासुद्धा.

चारला सगळ्या गेल्या. आत्या एकटी सांडलेल्या सुया वेचत होती. मी म्हटलं, आत्या, एका सिनेमाचं एवढं काय मनाला लावून घेतलंस? कुठली बाई, कुठला देश.

ती म्हणाली, "मी सासरनं आले तेव्हा बावीस वर्षांची होते. लोक काय बोलतात तुला ठाऊक हाय?"

मी म्हटलं, तू भांडून आलीस.

"भांडून नाय आले. शब्द नाय वाढवला. सकाळी चूल सारवली, पानी भरलं, सासूच्या पाया पडले, आनि सांगितलं, मी आता इथं राहनार नाय, माझ्यासाठी ताट ठेवू नका. एवढं बोलले. माझ्या आख्ख्या जन्मात मी एवढं सरळ कधी बोलले नव्हते. इथं पोचले तर भाऊ गावाला सांगतायत, बिचारीला हाकलली. तिकडं सासू सांगते, तोंडाळ होती, भांडून गेली. कोन बोलतं राग गेला की जाईल परत. चाळीस वर्षं झाली. माझं बोलनं मला कोनी ठेवूच दिलं नाय. ज्यानं त्यानं आपलं घातलं." मग सुयांची डबी माझ्या हातात दिली. "त्या बोटीवरल्या पोरीचं तरी तिचं तिला राहू दे."

उन्नती, मी रात्रभर ते वाक्य खाली-वर करत होतो. आता लिहितो. आधी लिहायला हवं होतं. आधी म्हणजे पहिल्याच पत्रात नाही. पहिल्याच दिवशी, हॉलमध्ये, माईक हातात होता तेव्हा.

तू लिहिलं होतंस की मुलगी रिक्षात बसते, रिक्षाच्या आरशात तिचा चेहरा, दारात बाप. ती म्हणते, "बाबा, दार लावून घ्या. माझी वाट बघू नका." तीन महिने तू त्या दोन ओळींवर काम केलंस. माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवरचे हॉर्न आवाजात आले म्हणून डबिंग करायचं ठरलं, आणि नेमकी त्याच दिवशी तुझी कोलकात्याच्या फिल्म कॉलेजची प्रवेश परीक्षा. आदल्या दिवशीच तू मला सांगितलं होतंस की पास झाले तर जाणार. एवढं सहज सांगितलंस, वडापाव खाता खाता. मी म्हटलं, अरे वा.

मग स्टीवनच्या खोलीत मी मुलीचं काम करणाऱ्या क्रिस्टीनासमोर नवा कागद ठेवला. "दार उघडं ठेवा. मी येईन." ती म्हणाली, "शुअर? उन्नती असं लिहील असं वाटत नाही." मी म्हटलं, तिनेच फोन करून सांगितलंय. खोटं. चेहरा न हलवता बोललो. जुना आवाज पुसून टाकला, तोही मीच.

मला वाटलं, बोललं की होतं. क्रिस्टीनाच्या तोंडून का होईना, एकदा हॉलभर ऐकू आलं की तू येशील.

मग परीक्षक उठले आणि म्हणाले, "चौदा मिनिटांची गोष्ट धीट, पण शेवटी लेखिका घाबरली." तू माझ्याकडे बघितलंस. नुसतं बघितलंस. तुला तेव्हाच कळलं होतं. मला दोन शब्द बोलायचे होते, "मी बदललं." त्याऐवजी मी परीक्षकांच्या अंगावर धावलो, माईक फोडला, कौस्तुभ सरांनी माफी मागायला सांगितलं तर कॉलेज सोडलं. सगळ्यांशी भांडलो, म्हणजे मग कोणी विचारायला नको. घाबरली ती लेखिका नव्हती. मी होतो.

आता मागणं. शेडमध्ये तुझी फिल्म दाखवायचीय. तुझी परवानगी हवी. आणि ते वाक्य, तुझ्या आवाजात, कसंही पाठव. क्रिस्टीनाला पाठव, मला नको. मी ते जिथल्या तिथे बसवीन आणि हात लावणार नाही.

नाही म्हणालीस तरी चालेल. खरं तर नाही चालणार, पण मी चालवून घेईन.

दीपेश


उमेळे, २३ एप्रिल

उन्नती! उन्नती!

आलं! पोस्टकार्ड! कोण लिहितं गं पोस्टकार्ड आजकाल! पोस्टमनने वाचलं, बाबांनी वाचलं, आईने चष्मा शोधून वाचलं, शकूकाकीने आईकडून वाचून घेतलं, आणि मग मला मिळालं. सगळ्या वाडीला पाठ आहे, "दाखव. पण आवाज बंद करून. आणि तू बोलायचं नाहीस."

नऊ शब्द. खाली सहीसुद्धा नाही. बाबा म्हणाले, "पोरगी हुशार हाय. तुझं तोंड बंद करायला आमाला बावीस वर्षं नाय जमलं."

पहिल्यांदा मी चिडलो, खोटं कशाला सांगू. वाटलं, ही शिक्षा आहे. आवाजच नाही तर कळणार काय? ते वाक्य परत जागेवर कसं येणार? मग संध्याकाळी आत्याला कार्ड दाखवलं (तिलाही पाठ होतं) तर म्हणाली, "बरोबर हाय. आधी जखमेवरची घान काढायची. मलम मागनं."

पण ईस्टर झाला गं! स्टीवनची लग्नं सुरू झाली, प्रोजेक्टर रोज कुठल्या ना कुठल्या हॉलवर. मी त्याच्या दारात जाऊन बसलो. तो म्हणतो, "मे महिन्यात मागतोस? वेडा झालास का?" क्रिस्टीना आतून म्हणाली, "दे त्याला, मी पण येणारेय." शेवटी मंगळवार, ६ मे, दुपारी दोन ते चार मिळाले. त्यानंतर दहा मिनिटं उशीर झाला तर स्टीवन मला टेम्पोखाली घालणार आहे.

उद्या कॉलेजात जातोय. कौस्तुभ सरांना भेटायला. त्याबद्दल जाऊन आल्यावर लिहीन.

दीपेश


उमेळे, ६ मे, संध्याकाळ

उन्नती,

हाताला मोगऱ्याचा चीक लागलाय, कागदावर डाग पडतील. सांभाळून घे.

आधी कॉलेजचं सांगून टाकतो. कौस्तुभ सरांना सगळं सांगितलं. उभ्याने. ते पेन मिटत म्हणाले, "हे मला कशाला सांगतोस? ज्यांच्यासमोर तिला ते ऐकावं लागलं त्यांना सांग." मग त्यांच्या टेबलावरच बसून परीक्षकांना पत्र लिहिलं. शेवट उन्नतीचा नव्हता, मी तिला न सांगता बदलला, घाबरलो मी. सरांनी त्याची प्रत नोटीस बोर्डावर लावली. अजून आहे तिथे, लोक फोटो काढतात. काढू देत. माईकचीही माफी मागितली. सर म्हणाले, ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म मिळतो, बघ. बघतो.

आता आजचं.

ताडपत्री मारली. आत भट्टी. अकरा जणी, मागे बाबा, आणि दाराजवळ क्रिस्टीना. स्पीकरची वायर मी सगळ्यांसमोर काढून शकूकाकीच्या मांडीवर ठेवली. माझी नेहमीची जागा चादरीच्या बाजूला, पण तिथे उभा राहिलो तर तोंड उघडेल याची मला खात्री होती. म्हणून यमुनाआत्याच्या शेजारी जमिनीवर बसलो. तिने काही न बोलता सुई-दोरा हातात दिला.

चौदा मिनिटं कोणी बोललं नाही. तुझी ती मुलगी कपाट आवरते, बापाच्या गोळ्या डबीत भरते, शेजारणीला किल्ली देते, सगळं मुकं. मी ही फिल्म शंभरदा बघितली असेल. पण तिने कपाटातून स्वतःचा एकही फोटो घेतला नाही, हे मला आज दिसलं. आजपर्यंत मी त्या शॉटवर बोलत असायचो ना.

मग रिक्षा. आरसा. चादरीवर तो आरसा केवढा मोठा होतो, तुला सांगतो. क्रिस्टीनाचे ओठ हलले. डबिंगमध्ये आवाज बदलता येतो गं, ओठ तेच राहतात, तुझेच शब्द बोलत असतात. मी दात एवढे आवळले की जबडा दुखला. रिक्षा गेली. बाप दारात. संपलं.

काळोखात शकूकाकीच पहिली. "बोलली, गोळ्या वेळेवर घ्या."

"नाय गं," दुसरी म्हणाली, "बोलली, शेजारनीकडं किल्ली दिलीय."

क्लेमेंटीनमावशी म्हणाली, "ती म्हणाली, एकट्याचाच चहा टाका."

मग एकेक करत सगळ्या बोलल्या. कोणी म्हणे, माझ्या नावाने रडू नका. कोणी म्हणे, भावाला सांगू नका. एक म्हणाली, काहीच बोलली नाय, नुसतं 'बाबा' बोलली. मागून बाबांचा घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि ते म्हणाले, "ती बोलली, दार लावा, ऊन आत येतंय." कोणी हसलं नाही.

आत्या सगळ्यात शेवटी बोलली. "बोलली, माझ्यासाठी ताट ठेवू नका."

बारा माणसं, उन्नती, बारा वाक्यं. मी एकेक वाक्य कान देऊन ऐकत होतो. 'मी येईन' कोणीच म्हणालं नाही. एकानेही नाही.

क्रिस्टीनाने दिवा लावला. रडून तिचं काजळ पसरलेलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तरी ती पुढे येऊन चादरीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी म्हणाले होते, बाबा, दार लावून घ्या. माझी वाट बघू नका. उन्नतीने असं लिहिलंय." तुझ्या ओळी, तुझ्या शब्दांत, भर दुपारी, आमच्या शेडमध्ये. आत्याने मान हलवली, हिशेब जुळल्यावर हलवतात तशी नाही, देवळात घंटा ऐकून हलवतात तशी. मग म्हणाली, "पत्रात लिही तिला. लई सरळ बोलली म्हनावं."

म्हणून लिहिलं. हा निरोप तिचा, मी त्यात काही घातलेलं नाही.

गजरे बघितले. सगळे दोन हातांच्या वर, गाठ कोणालाच लागली नाही. आत्याचा तीन हात आणि चार बोटं, आजवरचा सगळ्यात मोठा. बाबा म्हणाले, "व्यापाऱ्याला देऊ नका, घरातच वाटा." माझाही होता. पहिलाच. उचलला तर सगळ्या कळ्या सर्रकन खाली. दोऱ्याच्या टोकाला गाठच मारली नव्हती. बायका पोट धरून हसल्या, मीही हसलो.

क्रिस्टीनाने तुझी ओळ पुन्हा बोलून दिलीय, स्टीवनच्या मशीनवर. पेन ड्राइव्ह सोबत आहे. मी फक्त जागेवर बसवली, ऐकून बघ. नसेल आवडलं तर तू तुझी बसव. एडिटिंग आता तुलाच जास्त येतं.

यापुढे मी पत्र लिहिणार नाही, म्हणजे तू लिहिल्याशिवाय. सिनेमे चालू राहतील. स्टीवनचा जुना प्रोजेक्टर आता मीच घेतोय. आता अक्षरं जशी येतात तशीच बोलतो. कधी चुकलो तर आत्या सुई टोचते.

आणि दार लावून घेतलंय. वाट बघत नाहीये. शेडच्या दाराची कडी नीट बसत नाही, वाऱ्याने उघडतं, ते वेगळं. ते आधीपासूनच तसं आहे, यमुनाआत्याला विचार.

दीपेश